कुळागरातल्या गाडीला मागून जोर: मागच्या चाकांत हब मोटरी बसवताना

पावसाळा सुरू झाला की कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, चिऱ्याच्या वाटेवर शेवाळ धरतं आणि पुढच्या चाकांवर चालणारी इलेक्ट्रिक गाडी त्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहते. मोटरीत जोर असतो, बॅटरीत चार्ज असतो, पण पुढच्या टायरांना पकड नसते. डिकीत खताची किंवा नारळाची पोती भरली की पुढचा भाग आणखी हलका होतो. एप्रिलमध्ये काजूच्या बागायतीत हेच घडतं, फक्त शेवाळाऐवजी सुक्या पानांचा थर असतो. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथल्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको.

मागच्या दोन चाकांना मदतीपुरत्या छोट्या मोटरी बसवणं हा यावरचा चांगला उपाय आहे. घरच्या शेडमध्ये, औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याला हाताशी धरून तो जमतो. पण बहुतेकजण आधी मोटर आणि कंट्रोलर (मोटरीला वीज मोजून देणारा डबा) विकत घेतात आणि मग गाडीखाली वाकून बघतात. क्रम उलटा हवा. हे काम आधी एक्सलचं आणि ब्रेकचं आहे. विजेचं काम त्यानंतरचं, आणि तुलनेनं सोपं.

त्याही आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पेट्रोल-डिझेल गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड करायच्या मंजूर किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. घरी बनवलेली मागची मोटर त्यात बसत नाही. त्यामुळे पुढे लिहिलेलं सगळं स्वतःच्या जमिनीच्या आत, गडग्याच्या आतल्या वाटांवर फिरणाऱ्या जुन्या गाडीसाठी आहे. अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही, दोन वाड्यांमधला शंभर मीटरचा पंचायतीचा रस्ता ओलांडायलासुद्धा नाही. गाडी हलवायची झाली तर टेम्पोवर चढवून न्यायची.

किती जोर हवा

मोटर किती मोठी घ्यायची हे अंदाजानं ठरवू नका, कागदावर मांडा. भरलेली गाडी १५०० किलो धरू, म्हणजे वजन १४,७०० न्यूटन. आठ मीटर आडव्या अंतराला एक मीटर उंची असा चढ असेल तर वर ओढायला सुमारे १,८२० न्यूटन लागतात. चिखलाच्या वाटेचा विरोध वजनाच्या अडीच टक्के धरला तर आणखी ३७०. एकूण २,१९० न्यूटन.

आता पकड बघा. मागे माल भरलेला आणि नाक वर असताना पुढच्या चाकांवर वजनाचा जेमतेम ४२ टक्के भाग उरतो. शेवाळ धरलेल्या ओल्या चिऱ्यावर घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर पुढची चाकं जास्तीत जास्त १,८५० न्यूटन देतात, मग पुढची मोटर कितीही दांडगी असो. तूट ३४० न्यूटनची आहे. १८५/७० आर १४ टायरची त्रिज्या साधारण ०.३०७ मीटर असते. मागच्या प्रत्येक चाकाला १२० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) दिला तर दोन्ही मिळून ७८० न्यूटन येतात, तुटीच्या दुपटीपेक्षा जास्त. मागच्या चाकांची स्वतःची पकड २,५५० न्यूटनच्या आसपास असल्यामुळे ती घसरतही नाहीत.

म्हणजे मदतीची मोटर छोटीच पुरते. ताशी १० किमीला हे ७८० न्यूटन म्हणजे दोन्ही चाकं मिळून फक्त २.२ किलोवॉट. विकणारे मात्र किलोवॉट सांगतात, कारण तो आकडा मोठा दिसतो. आपल्याला हवा आहे कमी वेगाचा टॉर्क. दोन-तीन मिनिटं १२० न्यूटन-मीटर देऊनही न तापणारी मोटर हवी आणि हेच शब्द वापरून विकणाऱ्याला विचारायचं. ३ किलोवॉटची, मिनिटाला ४०० फेऱ्यांना रेटिंग असलेली मोटर सतत ७० न्यूटन-मीटरच्या आसपास देते. तिच्याकडून थोडा वेळ १२० घेणं रास्त आहे, २५० मागणं नाही.

कुठली गाडी

सगळ्यात सोयीची गाडी ७२ व्होल्टची. २०१६ साली बाजारात आलेली महिंद्रा ई-व्हेरिटो हे त्याचं उत्तम उदाहरण: ७२ व्होल्टची थ्री-फेज इंडक्शन मोटर, पुढची चाकं चालवणारी, मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा भाग) आणि ड्रम ब्रेक. हब मोटरी, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणाऱ्या मोटरी, आणि त्यांचे कंट्रोलर ७२ व्होल्टमध्ये सर्रास मिळतात, त्यामुळे गाडीच्याच पॅकवर त्या चालतात.

तीनशे व्होल्टच्या वरच्या आजच्या गाड्यांच्या पॅकला घरी हात लावू नका. तिथे इन्सुलेशनवर नजर ठेवणारी यंत्रणा असते, पॅक आणि मोटर यांचं एकमेकांशी सतत बोलणं चालू असतं, आणि चूक झाली तर ती जिवावर बेतते. अशा गाडीला मागची मोटर लावायचीच असेल तर डिकीत वेगळा पॅक ठेवायचा. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेटचे) १०० अँपिअर-अवरचे २४ सेल सिरीजमध्ये जोडले की ७६.८ व्होल्ट होतात, म्हणजे साडेसात किलोवॉट-अवरपेक्षा थोडं जास्त. सेलचंच वजन ५० किलोच्या घरात जातं. त्याला स्वतःचा बीएमएस (सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा) आणि स्वतःचा चार्जर. मूळ गाडीच्या पॅकच्या एकाही तारेला स्पर्श होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

७२ व्होल्टही खेळणं नव्हे. ६० व्होल्ट डीसीच्या वरचा व्होल्टेज धोक्याच्या वर्गात धरतात, आणि जून-जुलैत घामानं आणि पावसानं ओल्या हातांना तो चांगलाच जाणवतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. सर्व्हिस प्लग (पॅकची वीज तोडणारा) काढल्यावर दहा मिनिटं थांबा आणि मल्टिमीटरनं मोजल्याशिवाय तारेला हात लावू नका.

चेनची कल्पना का फसते

बीमच्या हातावर मोटर, ड्रमला स्प्रॉकेट (दातेरी चकती), मध्ये चेन. ही कल्पना प्रत्येकाला सुचते आणि तिचं आकर्षण मोठं आहे, कारण मूळ ड्रम, बेअरिंग, हँडब्रेक सगळं जागेवर राहतं. पण रिम हातात घेऊन मोजा. साडेपाच इंच रुंदीची, ४३ मिमी ऑफसेटची (ड्रमला टेकणारं तोंड रिमच्या मध्यरेषेपासून तेवढं बाहेर असलेली) रिम ड्रमवर बसली की तिची आतली कड त्या तोंडापासून ११० मिमीपेक्षा जास्त आत येते. ड्रमची खोली साठ-सत्तर मिमी. म्हणजे ड्रमवर कुठेही स्प्रॉकेट लावलं तरी ते रिमच्या पोटातच राहतं, आणि पुढे मोटरीकडे जाणारी चेन रिमला कापून जावी लागेल. खोल वाटीसारखा कॅरियर बनवून स्प्रॉकेट आणखी आत न्यायचं, तर तिथे बीम आणि ब्रेकची बॅकप्लेट आडवी येते. शिवाय लाल मातीत उघडी चेन. हा नाद सोडून हब मोटरच घ्यावी.

शाफ्ट

इथे घाई करणाऱ्याची गाडी मोडते. स्कूटरच्या हब मोटरीचा शाफ्ट दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेला असतो. गाडीत तो एकाच बाजूनं धरायचा, म्हणजे शाफ्ट हा भिंतीतून बाहेर आलेला दांडा झाला. एका मागच्या चाकावर ४३५ किलो, खड्ड्यातला धक्का तिप्पट धरला तर १२,८०० न्यूटन. चाकाची भाररेषा शाफ्टच्या मुळापासून ७० मिमीवर असेल तर मुळाशी ९०० न्यूटन-मीटरचं वाकण येतं. २५ मिमीच्या भरीव शाफ्टवर त्याचा ताण ५८५ मेगापास्कल निघतो. तारांसाठी भोक पाडलं की त्याहून जास्त. तो शाफ्ट काही महिन्यांतच मुळाशी चिरतो आणि चाक मोटरीसकट निखळतं. ४० मिमीचा शाफ्ट, मध्ये २० मिमीचं भोक, हाच ताण १५० मेगापास्कलच्या आसपास येतो. फरक चौपटीचा आहे.

म्हणून मोटर घ्यायची ती गाडीसाठीच बनवलेली, एका बाजूच्या शाफ्टची: मुळाशी किमान ४० मिमी जाडी, शाफ्टला अखंड फ्लँज (बोल्ट बसवायची रुंद कड), रोटरच्या (फिरत्या भागाच्या) बाहेरच्या तोंडावर ४ बोल्टची १०० मिमी पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), आतल्या बाजूला ब्रेक डिस्क बसवायची जागा, आणि प्रत्येक मोटरीचं भाररेटिंग लेखी. शाफ्ट आणि फ्लँज जिथे भेटतात तिथे काटकोनी कोपरा नको, किमान ३ मिमीची गोलाई हवी. चीर त्याच कोपऱ्यातून सुरू होते. मोटर हातात आल्यावर पहिल्यांदा तिथे नख फिरवून बघा. कोपरा धारदार लागला तर ती मोटर परत करा.

बाहेरचा व्यासही बघायला हवा. १४ इंची स्टील रिमच्या आत मोकळी जागा साधारण ३१० मिमी असते, पण रिमागणिक फरक पडतो, तेव्हा आपली रिम मोजा. मोटर २९५ मिमीच्या आत असावी. सात मिमीची फट कमी वाटत असली तरी ती चालते. मात्र रिमच्या आत चिकटवलेली वजनं काढून बाहेरच्या कडेला लावायची, नाहीतर ती मोटरीवर घासतात.

बीम आणि ब्रेक

गाडीचा मूळ बीम कापू नका. भंगारातून त्याच मॉडेलचा दुसरा बीम आणा आणि सगळं काम त्याच्यावर करा. काही चुकलं तर मूळ बीम परत चढवायला अर्धा दिवस लागतो. शिवाय वेल्डिंग गाडीच्या बाहेर होतं, गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका नाही.

काही बीमना स्टब एक्सल (चाक बसतं तो आखूड दांडा) चार बोल्टनी बसवलेला असतो, काहींत तो पक्का असतो. बोल्टवाला असेल तर काम सोपं: स्टब काढायचा आणि त्या जागी १२ मिमी जाडीची प्लेट बसवायची, जिला मोटरीचा फ्लँज एम१२, १०.९ ग्रेडच्या बोल्टनी आवळायचा. हे बोल्ट ११० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्यानं आवळून, थ्रेड लॉक लावून, डोक्यावरून प्लेटवर रंगाची रेघ ओढायची. रेघ सरकली की बोल्ट सैल होतोय हे जाता-येता दिसतं. स्टब पक्का असेल तर तो कापून टोकाला प्लेट वेल्ड करावी लागते, आणि ते काम प्रेशर पाइप किंवा जहाजाची जोडणी करणाऱ्या चांगल्या वेल्डरकडूनच करून घ्या. बीमच्या मधल्या, पीळ घेणाऱ्या भागाला वेल्डिंगचा ठिपकाही लागता कामा नये. तो भाग आयुष्यभर पिळला जातो आणि वेल्डच्या कडेला चिरतो.

दोन्ही प्लेटा एकमेकींना समांतर आहेत का हे लेथवाल्याकडून लांब सरळ दांडा लावून तपासून घ्या. चाकाच्या व्यासावर दोन मिमीचा फरकसुद्धा मागचे टायर खातो.

हब मोटर ड्रमपेक्षा जाड असते, त्यामुळे चाक बाहेर सरकतं. एका बाजूला २५ मिमीपर्यंत चालतं. त्याहून जास्त झालं तर शाफ्टचं वाकण वाढतं, टायर मडगार्डला लागतो आणि वरचं ७० मिमीचं गणितही मोडतं. प्लेट आत घेऊन किंवा जास्त ऑफसेटची रिम वापरून हे सांभाळायचं. रिमची तबकडी कापून पुन्हा वेल्ड करून देणारे भेटतात. तसं करू नका.

ड्रम गेला म्हणजे हँडब्रेकही गेला, आणि ही गोष्ट हमखास विसरली जाते. मागे असा डिस्क कॅलिपर हवा ज्याला हायड्रॉलिकबरोबर केबलचा लिव्हरही आहे. कॅलिपर प्लेटवर बसतो, त्यामुळे ब्रेकचा पीळ शाफ्टवर न येता थेट बीमवर जातो. ड्रमच्या जागी डिस्क आल्यावर पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बदलतं. छोट्या पिस्टनचा कॅलिपर निवडा आणि मोकळ्या, ओल्या, सपाट जागेत ताशी २० किमीला कचकन ब्रेक दाबून कुणालातरी बाजूनं बघायला सांगा. आधी पुढची चाकं अडकली पाहिजेत. मागची आधी अडकत असतील तर गाडी उतारावर बूड फिरवणार, तेव्हा मागच्या लाइनमध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह घालावाच लागतो. ज्या गाडीला एबीएस आहे तिथे चाकाचा वेग मोजणारी दातेरी रिंगही तितक्याच दातांची नव्यानं बसवावी लागते.

वाइंडिंग कुठलं

एकाच आकाराची मोटर वेगवेगळ्या वाइंडिंगमध्ये (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत) मिळते. मोटरीच्या आतली उष्णता टॉर्कवर ठरते, वाइंडिंग बदलून ती फारशी बदलत नाही. पण कमी वेगाचं वाइंडिंग घेतलं तर तेवढ्याच टॉर्कला अँपिअर कमी लागतात, म्हणून तारा आणि कंट्रोलर गार राहतात. बागायतीत ताशी ३० च्या वर जायचंच नाही, तेव्हा ७२ व्होल्टला मिनिटाला ५०० फेऱ्यांचं वाइंडिंग घ्यावं. या टायरवर ते ताशी ५८ किमी होतात.

याची एक किंमत आहे. बॅटरी उतरून ६० व्होल्टवर आली की ही मर्यादा ४८ किमीवर येते. चाक त्याहून जोरात फिरलं, उदाहरणार्थ गाडी दोरीनं ओढून नेताना, तर मोटर जनरेटर होते आणि कंट्रोलर बंद असला तरी त्याच्यातून करंट उलटा वाहतो, मागची चाकं आपोआप ब्रेक धरतात. म्हणून तिन्ही फेज तारांच्या मध्ये डिकीत बोल्टच्या पट्ट्या ठेवा, ज्या काढून मोटर पूर्ण सुटी करता येते. कंट्रोलरचे मॉसफेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होऊन जळाले तरी याच पट्ट्या कामाला येतात. शॉर्ट झालेली कायमचुंबकी मोटर हळू वेगात चाक घट्ट धरून ठेवते आणि गाडी जागची हलत नाही.

ओहळातलं पाणी

चढ चढून मोटर ७० अंशांवर तापलेली असते आणि पुढच्या वळणावर ओहळ लागतो. गार पाण्यात शिरताच मोटरीतली हवा आकसते, आत पोकळी तयार होते, आणि ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. सील आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये आणि शिंतोडे आत येऊ नयेत यासाठी असतं, असं शोषण थोपवायला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसात रोटरची जागा सांगणारे हॉल सेन्सर मरतात, बेअरिंग गंजतं. सीलवर सिलिकॉन थापून काही होत नाही, कारण दाबाचा फरक तसाच राहतो.

उपाय साधा आहे. शाफ्टच्या भोकातून तारांबरोबर ४ मिमीची सिलिकॉन नळी आत सोडायची आणि तिचं दुसरं टोक डिकीत, मागच्या सीटच्या उंचीला, कापसाच्या फिल्टरवर संपवायचं. मोटर आता तिथून श्वास घेते. मोठ्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला असते तीच ही व्यवस्था. तारांचा जुडगा शाफ्टमधून बाहेर आल्यावर आधी खाली वळवून मग वर न्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी वळणाच्या तळाशी गळून पडतं. भोकाचं तोंड इपॉक्सीनं भरा. तारेच्या आतल्या धाग्यांमधूनही पाणी चढतं, तेव्हा लगवर (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) गोंदवाली हीटश्रिंक घालायची.

वीज

मागच्या मोटरीचा वीजपुरवठा गाडीच्या मुख्य कॉन्टॅक्टरनंतर (पॅकच्या मोठ्या स्विचनंतर), बीएमएस करंट मोजतो त्या जागेच्या पुढून घ्यायचा. पॅकच्या टर्मिनलवरून थेट घेतला तर बीएमएसला तो करंट दिसतच नाही. पॅकच्या अर्ध्या भागातून कधीही घेऊ नका, सेल एकसारखे राहत नाहीत. प्रत्येक कंट्रोलरला ६० अँपिअरची बॅटरी मर्यादा, ८० अँपिअरचा फ्यूज वीज घेतलेल्या जागेपासून एका विताच्या आत, आणि २५ चौरस मिमीची तांब्याची तार. फ्यूज किमान १०० व्होल्ट डीसीचा हवा. गाडीच्या साध्या ब्लेड फ्यूजवर ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं, तो वितळला तरी आतली ठिणगी विझत नाही. घरातला एसीचा एमसीबी तर नकोच.

दोन्ही कंट्रोलरच्या आधी एक वेगळा डीसी कॉन्टॅक्टर, आणि त्याच्या दोन टोकांमध्ये १०० ओहम, २५ वॉटच्या रेझिस्टरमधून एक सेकंदाचं प्रीचार्ज. ते नसेल तर कंट्रोलरचे कपॅसिटर एका झटक्यात भरताना कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटतात आणि पुढे तो उघडतच नाही. त्याची कॉइल चावी चालू असतानाच मिळणाऱ्या १२ व्होल्टवर ठेवा, म्हणजे चार्जिंगच्या वेळी मागची बाजू तुटलेली राहते. कंट्रोलर गाडीखाली टांगू नका. डिकीच्या बाजूला, हवा लागेल अशा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवा. पणजी-वास्कोच्या किनारपट्टीला खाऱ्या हवेत लग हिरवे पडतात, तिथे प्रत्येक जोडावर पेट्रोलियम जेली लावा.

एक तपासणी जोडणीआधीच करायची. पॅकचं धन टोक ते चासिस आणि ऋण टोक ते चासिस, दोन्ही व्होल्टेज मोजा. पॅक चासिसपासून सुटा असेल तर दोन्ही आकडे घसरत शून्याकडे जातात. एखादा आकडा पूर्ण ७२ वर ठाम उभा राहिला तर दुसरं टोक कुठेतरी चासिसला लागलेलं आहे. आधी ते शोधा. आणि पॅक सुटा असेल तर तो सुटाच राहिला पाहिजे: अॅक्सिलरेटरचा सिग्नल १२ व्होल्टच्या बाजूचा, म्हणजे चासिसशी जोडलेला; कंट्रोलरचा थ्रॉटल (किती जोर द्यायचा ते सांगणारा सिग्नल) ७२ व्होल्टच्या ऋणाशी जोडलेला. या दोघांना सरळ तारेनं जोडलं की पॅक चासिसला लागला. मध्ये आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेनं न जोडता सिग्नल पोचवणारा) आणि सुटा डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा.

मूळ पेडलचा सिग्नल बफरमधून वाचणारा छोटा मायक्रोकंट्रोलर दोन्ही मोटरींना हुकूम देतो. चावी चालू, गिअर पुढचा, ब्रेक सुटलेला, हँडब्रेक खाली, वेग २५ च्या आत, मोटरीचं तापमान ९० अंशांच्या खाली, आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबलेलं, एवढं सगळं जुळलं तरच जोर द्यायचा. ९० पासून जोर कमी करत ११० ला पूर्ण बंद. रिव्हर्समध्ये मदत नकोच. जोर शून्यावरून पूर्ण व्हायला पाऊण सेकंद द्या, झटका बसला की ओल्या चिऱ्यावरची पकड सुटते.

थ्रॉटलच्या तारांत एक सापळा आहे. हॉल थ्रॉटलची ऋण तार तुटली तर सिग्नल शून्यावर न जाता वर, पाच व्होल्टकडे जातो, म्हणजे पूर्ण जोर. कंट्रोलरमध्ये ४.५ व्होल्टच्या वर फॉल्ट धरायची सेटिंग चालू करा, सिग्नल आणि ऋण यांच्यात कंट्रोलरच्या तोंडाशीच १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा, आणि चाकं हवेत असताना प्रत्येक तार एकेक करून उपटून बघा. तिन्ही वेळा मोटर थांबली पाहिजे.

टॉर्क मोड, आणि रिजन बंद

कंट्रोलर स्पीड मोडमध्ये ठेवला तर दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरायचा हट्ट धरतात आणि वळणावर एकमेकांशी भांडतात. टॉर्क मोडमध्ये दोघांना सारखा जोर मिळतो, वेग ज्याचा त्याचा, अगदी डिफरन्शियलसारखा. एक चाक घसरून भरकटलं तर तोडायचं, पण मर्यादा नीट ठरवा. २.६३ मीटर व्हीलबेस, १.४७ मीटर ट्रॅक आणि ५.२५ मीटर वळण-त्रिज्या धरली तर पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर मागचं बाहेरचं चाक आतल्याच्या जवळजवळ दीडपट वेगानं फिरतं. म्हणून ३० टक्के फरकावर तोडलं तर घाटीच्या प्रत्येक आखूड वळणावर, नेमकी गरज असताना, मदत बंद पडते. मर्यादा १.७ पटीवर ठेवा.

मागचं रिजन, म्हणजे मोटरीनं ब्रेक धरून वीज परत बॅटरीत भरणं, दोन्ही कंट्रोलरमध्ये बंदच. उतारावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि तिथे मोटरीनं ब्रेक धरला की ओल्या वाटेवर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. त्यातून परत मिळणारी वीज नगण्य आहे, धोका मोठा. इथे मी कुणाचंही दुसरं मत ऐकायला तयार नाही.

चालवून बघण्याआधी

गाडी चार भक्कम स्टँडवर. उजवी मोटर डावीच्या उलट फिरायला हवी, कंट्रोलरला सेल्फ-लर्न (जोडणी आपोआप ओळखायची सोय) असेल तर ते आधी चालवा. बिनभाराची मोटर पूर्ण वेगाला चार-पाच अँपिअरच्या आत घेते. वीस अँपिअर घेऊन गुरगुरत असेल तर फेज आणि हॉलची जोडी चुकलेली आहे, फिरते म्हणून तशीच सोडू नका, तासाभरात ती जळते.

मग टॉर्क मोजा. हबच्या बोल्टना एक मीटर लांबीचा लोखंडी दांडा आडवा बांधा, टोकाला डिजिटल हँगिंग काटा लावून तो जमिनीतल्या खुंटीला अडकवा. फेज करंटची मर्यादा अगदी कमी ठेवून सुरू करा, दोन सेकंद जोर द्या, आकडा वाचा, अर्धा मिनिट थांबा, पाच अँपिअरनं वाढवा. काट्यावर १२ किलो आले की १२० न्यूटन-मीटर झाले. तिथेच मर्यादा पक्की करा. दुसऱ्या मोटरीला तोच करंट दिल्यावर आकडा १० टक्क्यांहून जास्त वेगळा आला तर हॉलच्या कोनात गडबड आहे. दांड्याच्या फिरत्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही.

पहिला चढ कोरड्या दिवशी, रिकाम्या गाडीनं, मागच्या चाकांमागे चिरे घेऊन चालणारा एक माणूस बाजूला ठेवून. आधी चढाच्या मध्यावर नुसत्या हँडब्रेकवर पाच मिनिटं गाडी थांबते का ते बघा. मग ५० किलो, मग १००. प्रत्येक फेरीनंतर बोल्टवरची रंगाची रेघ बघा, फ्लँजला हात लावून तापमान बघा. डावी-उजवी मोटर वेगवेगळी तापत असेल तर कॅलिपर घासतोय का ते आधी तपासा, मोटरीला दोष नंतर द्या. लाल मातीची भुकटी कॅलिपरच्या सरकत्या पिनांत बसते आणि पॅड सुटत नाही, हे इथलं नेहमीचं दुखणं.

पहिल्या १०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. पावसाळ्यात दर महिन्याला चाक उतरवून शाफ्टच्या मुळाशी चीर आहे का ते डाय पेनेट्रंट मारून बघा. तीन डब्यांचा संच औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो: साफ करायचं, लाल रंग मारून दहा मिनिटं थांबायचं, पुसून पांढरा फवारा मारायचा. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली तर ती मोटर त्याच दिवशी उतरवायची आणि मूळ बीम परत चढवायचा.